सिंफनीची सुपारी!

श्रीवर्धन म्हटलं की काय आठवतं? पेशव्यांचं मूळ गाव. रोठा सुपारी. सोमजाईचं देऊळ. जीवना बंदरावरची ताजी फडफडीत मासळी. आणि लांबच लांब, मनसोक्त चालावं असा किनारा.

आता या यादीत आणखी तीन नावं टाकू या: बेलफास्ट, डब्लिन आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा! संबंध काय म्हणता? भरपूर आहे. पट्टा बांधा, गाडी सुसाट सुटणार आहे!

पहिला धक्का आकड्यांचा. माहीत आहे का? अख्ख्या आयर्लंड देशाची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत जेमतेम साडेएक्कावन्न लाख भरली. आपल्या रायगड जिल्ह्याची २०११ मध्येच २६ लाखांच्या वर होती. म्हणजे दोन रायगड मांडले की एक आयर्लंड! आणि एवढ्याशा देशात आज, आत्ता, हाडामांसाची माणसं नवीन ऑपेरा लिहितायत, ऑर्केस्ट्रासाठी नव्या रचना करतायत आणि लोक तिकिटं काढून त्या ऐकतायत.

वेस्टर्न क्लासिकल म्हणजे पांढरा विग घातलेले, कधीच स्वर्गवासी झालेले लोक, असा आपला समज. बाख १७५० मध्ये गेला, मोझार्ट १७९१ मध्ये. पण दुकान बंद झालेलं नाही. नवा माल रोज येतोय. संगीतकाराला आधी पैसे देऊन नवी रचना करवून घेतात, याला तिकडे कमिशन म्हणतात. आपले कलावंत काय म्हणतात? ‘सुपारी मिळाली!’ मग सुपारीच्या गावात या विषयावर बोलायला हरकत काय?

मुंबईचा पोरगा, बेलफास्टचा मास्तर

लिरिल साबणाची ती धबधब्याखालची जाहिरात आठवते? आणि दूरदर्शनवरची ‘भारत एक खोज’? श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’? हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून निघालेला ‘भूमिका’? या सगळ्यांचं संगीत एकाच माणसाचं. वनराज भाटिया!

जन्म मुंबईचा, १९२७चा. जिंगल्स किती केल्या असतील? सात हजारांच्या वर! ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री. हे सगळं छान. पण माहीत आहे का, हा माणूस मुळात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा पक्का तालमीतला कंपोझर होता?

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ते शिकले. तिथल्या त्यांच्या गुरूंपैकी एक हॉवर्ड फर्ग्युसन. आणि फर्ग्युसन जन्मले कुठे? बेलफास्टला! म्हणजे ‘मंथन’च्या आणि ‘जुनून’च्या सुरांमागे आयर्लंडच्या बेटावरच्या एका मास्तरांचे संस्कारही आहेत. पुढे भाटिया पॅरिसला गेले आणि नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले. या बाईंच्या हाताखालून विसाव्या शतकातले किती मोठे संगीतकार गेले, याची यादीच पानभर होईल.

फर्ग्युसनसाहेबांचाही किस्सा ऐका. १९६०च्या दशकाच्या उंबरठ्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. आणि कंपोझिंग कायमचं थांबवलं! मग जुन्या संगीताच्या आवृत्त्या संपादित केल्या. आणि स्वयंपाकावर एक पुस्तकही लिहिलं, एकट्यादुकट्या माणसाने पाहुण्यांना घरी जेवायला कसं बोलवावं याचं. सिंफनी ते सार, असा प्रवास!

भाटिया मात्र थांबले नाहीत. पियानोसाठी ‘फँटेशिया अँड फ्यूग’, तंतुवाद्यांसाठी ‘सिनफोनिया कॉन्चेर्तांते’, गायकवृंदासाठी ‘सिक्स सीझन्स’. त्यांची ‘रेव्हरी’ ही रचना जगातला सगळ्यात नावाजलेला चेलोवादक यो-यो मा याने मुंबईत वाजवली. कधी? जानेवारी २०१९ मध्ये. तेव्हा भाटिया नव्वदी ओलांडलेले होते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरून त्यांनी ‘अग्निवर्षा’ नावाचा ऑपेरा लिहायला घेतला. त्याचे पहिले दोन अंक २०१२ मध्ये लोकांसमोर आले ते न्यूयॉर्कमध्ये. मे २०२१ मध्ये भाटिया गेले. माझं स्पष्ट मत सांगतो: मुंबईच्या या पोराचा ऑपेरा मुंबईत दणक्यात व्हायला हवा. पन्नास जाहिराती तोंडपाठ असलेल्या शहराने एवढं देणं तर फेडावं!

अँथनीभाईंचं खरं नाव अँथनीच!

क्विझ टाइम! ‘अमर अकबर अँथनी’ मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो. ते नाव कुणाचं? एका खऱ्याखुऱ्या माणसाचं! अँथनी गोन्साल्विस, गाव माजोर्डा, गोवा. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने गुरुदक्षिणा दिली ती सुपरहिट गाण्यातून.

पण गाण्यापलीकडचं माहीत आहे का? १९५८ मध्ये या गोन्साल्विसांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. कार्यक्रमात स्वतःच्या नव्याकोऱ्या रचना. गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे! एका रचनेचं नाव ‘सोनाटिना इंडियाना’, दुसरीचं ‘कॉन्चेर्तो इन राग सारंग’. सारंग रागात कॉन्चेर्तो, म्हणजे एका मुख्य वाद्याला ऑर्केस्ट्राची साथ देणारी रचना, तेही १९५८ साली! फ्यूजन या शब्दाचा तेव्हा बाजार भरलेला नव्हता, आणि हा गोंयकार रागाची चौकट न मोडता ऑर्केस्ट्रा लिहीत होता.

दिवसा फिल्मी स्टुडिओत दुसऱ्यांच्या चाली सजवायच्या आणि रात्री आपली स्वप्नं कागदावर उतरवायची. गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांचं आयुष्य असंच गेलं. गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले, परत आले, माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ मध्ये गेले. गाणं सगळ्यांना ठाऊक, सारंगचा कॉन्चेर्तो कुणालाच नाही. हे काही बरोबर नाही.

पेशवा ते पेशकार

तबल्याच्या सोलो वादनाची सुरुवात होते पेशकाराने. आणि माहिमच्या झाकीर हुसेन यांनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या तबला कॉन्चेर्तोचं नाव काय? ‘पेशकार’! पेशव्यांच्या गावाने ‘पेशकार’ ऐकायलाच हवा, यमक तरी जुळतंय!

याची सुपारी दिली होती सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने. मुंबईच्या नरिमन पॉइंटवरच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा हा ऑर्केस्ट्रा, स्थापना २००६ची. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव या दोघांनी तो उभा केला. ‘पेशकार’चा पहिला प्रयोग २०१५ मध्ये मुंबईतच झाला, आणि २०१९ मध्ये ऑर्केस्ट्रा ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला तेव्हा ही रचनाही बरोबर होती.

गंमत कुठे आहे सांगू? ऑर्केस्ट्रातला प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला असतो. तबलजी मात्र ठेक्यात खेळतो, तिथल्या तिथे रचतो. ऐंशीएक वादक नोटेशन बघून वाजवतायत आणि मध्ये बसलेला एक जण आत्ता काय वाजवेल, हे फक्त त्यालाच ठाऊक! कंडक्टरची छाती किती धडधडत असेल, विचार करा. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. रचना मात्र आहे, कागदावर आहे, दुसरा तबलजी उद्या ती वाजवू शकतो. लिहून ठेवलेल्या संगीताचा हाच तर मोठा फायदा.

झुबिन मेहता मुंबईचे, हे ठाऊकच असेल. पण १९८१ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने पंडित रविशंकर यांचा ‘रागमाला’ हा सतार कॉन्चेर्तो पहिल्यांदा सादर केला, तेव्हा समोर छडी घेऊन हेच उभे होते. आणि झुबिनचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्येच बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता. तेव्हा झुबिनचा जन्मही झाला नव्हता!

पटकन एक मराठमोळा बोनस: ‘सैराट’! अजय-अतुल यांनी या सिनेमासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन तिथल्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून संगीत वाजवून घेतलं. कर्नाळ्यापासून करमाळ्यापर्यंत सगळे नाचले, आणि नाचताना पाठीमागे वाजत होती अस्सल सिंफनिक तंतुवाद्यं. क्लासिकल ऑर्केस्ट्रा आपल्याला झेपत नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तलवारी घरी ठेवा!

आता थेट डब्लिन. माहीत आहे का? हँडेलचा जगप्रसिद्ध ‘मसाया’ पहिल्यांदा सादर झाला तो लंडनला नाही, व्हिएन्नाला नाही. डब्लिनला! १३ एप्रिल १७४२, फिशॅम्बल स्ट्रीट. गर्दी एवढी होणार म्हणून आधीच विनंती छापली: बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्या न घालता यावं, पुरुषांनी तलवारी न लावता यावं. जागा वाचेल! सुमारे सातशे माणसं दाटीवाटीने बसली, आणि जमलेल्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या १४२ जणांची सुटका झाली. तिकिटाच्या पैशातून तुरुंगाची दारं उघडणारी मैफल!

त्या वेळी पुण्यात पेशवेपदावर कोण होतं? नानासाहेब, म्हणजे श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांचे नातू. इकडे श्रीवर्धनकरांचा नातू राज्य चालवतोय, तिकडे डब्लिनमध्ये ‘मसाया’ची नांदी. इतिहासाचं हे स्प्लिट स्क्रीन मला भलतंच आवडतं.

आणखी एक घ्या. शोपँचे ‘नॉक्टर्न’, म्हणजे पियानोवरची ती निशागीतं, ऐकलीत? हा प्रकार शोपँने शोधलेला नाही. तो शोधला जॉन फील्डने, जो डब्लिनला १७८२ मध्ये जन्मला. म्हणजे सालबाईच्या तहाच्या वर्षी. त्या तहाला पेशव्यांच्या वतीने मंजुरी दिली नाना फडणवीसांनी, आणि हे पेशवे मूळचे कुठले? परत श्रीवर्धनचेच! सगळे रस्ते इथूनच सुटतात.

याच नाना फडणवीसांना रंगमंचावर नाचवणारं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२चं. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि संगीत भास्कर चंदावरकरांचं. कीर्तन, लावणी, अभंग, दशावतार, सगळं एका भट्टीत. १९८० मध्ये ते युरोपभर फिरलं. मी तर म्हणतो, मराठीतला खरा मॉडर्न ऑपेरा शोधायचा असेल तर लांब जाऊ नका, हाच आहे.

बॅरी लई भारी

आता हयात आयरिश मंडळी. सुरुवात सगळ्यात खट्याळ माणसापासून: जेराल्ड बॅरी, जन्म १९५२, काउंटी क्लेअर. त्याने ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या विनोदी नाटकाचा ऑपेरा केला. त्यातली खाष्ट, खानदानी लेडी ब्रॅकनेल कोण गाते? जाड्याभरड्या आवाजाचा पुरुष! आणि दोन तरुणी चहाच्या टेबलावर भांडतात तेव्हा दोघींच्या तोंडाला भोंगे, आणि पाठीमागे वादक चक्क चिनीमातीच्या बश्या फोडतो. एकदोन नाही, चाळीस! प्रत्येक बशी बरोबर तालात फुटली पाहिजे, कारण तेही नोटेशनमध्ये लिहिलेलं आहे. पहिला प्रयोग २०११ मध्ये लॉस एंजेलिसला.

स्त्रीपार्ट करणारा पुरुष आपल्याला नवा वाटणार नाही. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला कोण शिकवणार!

पुढचं नाव जेनिफर वॉल्श, डब्लिन, जन्म १९७४. हिने बार्बी बाहुल्यांचा ऑपेरा रचला. हो, प्लॅस्टिकच्या बाहुल्या! पण माझा आवडता किस्सा वेगळाच. आयर्लंडमध्ये प्रयोगशील संगीताची जुनी परंपरा फारशी सापडत नाही ना? मग तिने आणि तिच्या मित्रमंडळींनी ती निर्माणच केली! ‘ॲश्टॉख’ नावाचं एक काल्पनिक अभिलेखागार उभं केलं: न जन्मलेले संगीतकार, न झालेल्या मैफली, त्यांची चरित्रं, त्यांच्या रचना, सगळं साग्रसंगीत. कल्पनाशक्तीची कमाल! हीच बाई आज ऑक्सफर्डमध्ये कंपोझिशनची प्राध्यापक आहे आणि एआयला आपला आवाज शिकवून त्याच्याकडून गाऊन घेण्याचे प्रयोगही तिने केलेत.

डॉनाखा डेनेही, जन्म १९७०. त्याने १९९७ मध्ये मित्रांसोबत ‘क्रॅश आँसाम्ब्ल’ हा वाद्यमेळ काढला. नाव क्रॅश, पण गाडी अजून जोरात! इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिन एकाच रांगेत. त्याने आयर्लंडच्या खेड्यातली साथीविना, हरकती घेत गायची जुनी पद्धत उचलली आणि तिच्याभोवती आजचा झणझणीत वाद्यमेळ बांधला. रचनेचं नाव ‘ग्रा आगस बॉस’, गायक इयर्ला ओ लिनर्ड. विचार करा: ओवी म्हणणाऱ्या आजीच्या आवाजाला धक्का न लावता तिच्यामागे बारा वाद्यं उभी करायची. अवघड काम, आणि त्याने ते झकास केलंय.

ॲन क्लेअर हे नाव लिहून ठेवा. २०१९ मध्ये तिला जर्मनीचा अर्न्स्ट फॉन सीमेन्स कंपोझर्स पुरस्कार मिळाला. लिंडा बकली मोठी झाली ती ओल्ड हेड ऑफ किन्सेल या समुद्रात घुसलेल्या भूशिरावर. तिची बहीण आयरीनही कंपोझर. एका घरात दोन!

आकाशवाणीने पेटी का हाकलली?

इथे एक जबरदस्त मसालेदार नगेट. माहीत आहे का, १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती पुढची तीनएक दशकं टिकली? गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात, जिथे पेटीशिवाय नाट्यपद उभं राहत नाही, तिथे रेडिओवर पेटी बंद!

या बंदीची हवा तापवणाऱ्यांत एक होते जॉन फोल्ड्स, रेडिओवरच्या पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख. त्यांनी १९३८ मध्ये पेटीवर सडकून लेख लिहिला. हे भारतात आले कसे? त्यांच्या पत्नीमुळे! मॉड मॅकार्थी, आयर्लंडमधल्या क्लॉनमेलची, लहानपणी व्हायोलिनची चमत्कारी बालकलाकार. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ती ॲनी बेझंट यांच्यासोबत भारतात आली, आपलं संगीत शिकली, आणि इंग्लंडला परतल्यावर भारतीय संगीतावर व्याख्यानं देत, स्वतः गाऊन दाखवत फिरली. फोल्ड्स यांनी दिल्लीत भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बांधला आणि १९३९ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेले. पेटीवरचा त्यांचा राग मला मुळीच पटत नाही. पण भारतीय वाद्यांसाठी नव्याने लिहायची त्यांची ओढ सच्ची होती, हेही खरं.

आणि हे ऐकून तर उभे राहाल! ‘जन गण मन’च्या चालीचं स्वरलेखन १९१९ मध्ये मदनपल्लीला रवींद्रनाथांसोबत बसून केलं ते मार्गारेट कझिन्स यांनी. मूळच्या कुठल्या? बॉयल, काउंटी रॉसकॉमन, आयर्लंड. संगीताच्या पदवीधर!

रेकॉर्डब्रेक पारशी

कंटाळा आला? मग साडेचार तासांचा पियानो ऐका! कैखुश्रू शापूरजी सोराबजी, वडील मुंबईचे पारशी, स्वतःचा जन्म इंग्लंडचा. १९३० मध्ये त्यांनी ‘ओपस क्लाव्हिसेम्बालिस्टिकम’ लिहिलं. स्वरलिपीची पानं २५२! सर्वांत लांब पियानोरचना म्हणून गिनेसच्या पुस्तकातही ती गेली. पहिला प्रयोग त्यांनी स्वतः ग्लासगोत केला. आणि मग? कुणी नीट वाजवत नाही म्हणून आपलं संगीत परवानगीविना वाजवायचंच नाही, असा फतवा काढला. तो मागे घेतला थेट १९७६ मध्ये. चाळीस वर्षं कुलूप!

आणि हो, नवं संगीत फक्त ऑर्केस्ट्रातच होतं असं कुठे आहे? कुमार गंधर्वांनी ‘गांधी मल्हार’ बांधला. प्रभाताई अत्रे यांनी ‘अपूर्व कल्याण’ दिला, आणि २०१६ मध्ये एकाच मंचावरून संगीतावरची ११ पुस्तकं प्रकाशित करण्याचा विक्रमही केला. राग म्हणजे पुरातन ठेवा असं आपण धरून चालतो, आणि तो घडवणारी माणसं कालपरवापर्यंत आपल्यात होती.

गळ्यात सोन्याचा गोफ

पैशाचं बोलू या? आयर्लंडमध्ये संगीतरचनेच्या कमाईवर आयकरात सूट आहे. १९६९ पासून! आज ही सूट वर्षाला ५० हजार युरोंपर्यंत मिळते. लेखक, चित्रकार, शिल्पकार, सगळ्यांना. २०२२ मध्ये सरकारने आणखी पुढचं पाऊल टाकलं: २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. काम दाखवा, मग पैसे घ्या, अशी अटच नव्हती.

‘ईसडाना’ ही तिथल्या मानाच्या कलावंतांची संस्था, १९८१ची. तिचा सर्वोच्च मान ज्याला मिळतो, त्याच्या गळ्यात राष्ट्राध्यक्ष सोन्याचा पिळाचा गोफ घालतात. हा मान मिळवणारे पहिले संगीतकार शोर्शा बॉडली, २००८ मध्ये. शालजोडीवर भागवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

या देशाचं राष्ट्रचिन्ह काय आहे माहीत आहे का? हार्प! वाघ नाही, गरुड नाही, एक तंतुवाद्य. पासपोर्टवर हार्प, युरोच्या नाण्यावर हार्प. खिशात हात घातला की सूर!

समुद्रकाठची गावं

हा भाग खास श्रीवर्धनकरांसाठी.

१९७६-७७ मध्ये टिम सेव्हरिन नावाचा साहसी गडी बैलांच्या कातड्याने मढवलेल्या होडीतून अटलांटिक ओलांडून गेला, सहाव्या शतकातल्या ब्रेंडन या आयरिश संताच्या सफरीची कथा खरी असू शकते का, हे तपासायला. त्या सफरीवर शॉन डेव्हीने १९८० मध्ये ‘द ब्रेंडन व्हॉयेज’ ही ऑर्केस्ट्रा रचना केली. सिंफनीच्या मधोमध कोणतं वाद्य? इलिअन पाइप्स, म्हणजे कोपराने भाता दाबून वाजवायचा आयरिश लोकवाद्याचा प्रकार. वादक लिअम ओफ्लिन. पाइप होडी, ऑर्केस्ट्रा समुद्र! लाटा, हिमनग, वादळ, सगळं ऐकू येतं. आणि याच सेव्हरिनने पुढे खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेलं जहाज बांधून घेतलं आणि ओमानहून चीनपर्यंत नेलं, वाटेत भारताचा पश्चिम किनारा गाठत. काथ्या! नारळाच्या वाडीतल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता बँट्री. आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं खाडीवरचं गाव, वस्ती तीन हजारांच्या आसपास. डिसेंबर १७९६ मध्ये इथल्या खाडीत फ्रेंच आरमार इंग्रजांशी लढायला येऊन थडकलं, पण वादळाने उतरूच दिलं नाही. त्याच महिन्यात पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आला! वादळ काय असतं ते श्रीवर्धनलाही ठाऊक आहे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ, आणि आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा.

तर या चिमुकल्या बँट्रीत १९९६ पासून दर उन्हाळ्यात वेस्ट कॉर्क चेंबर म्युझिक फेस्टिव्हल भरतो. खाडीकडे तोंड करून बसलेल्या जुन्या वाड्याच्या लायब्ररीत जगभरचे क्वार्टेट वाजवतात, आणि आयरिश संगीतकारांच्या नव्या रचना तिथे पहिल्यांदा ऐकायला मिळतात. गाव लहान, कान मोठे!

मग सांगा, श्रीवर्धनला काय कमी आहे? वाडे आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, किनारा आहे, मुंबईहून वळणारी पर्यटकांची रांग आहे. आणि आपला खालूबाजा आहे! लग्नात, पालखीत सनईचा तो तीक्ष्ण सूर आणि त्याखालची चर्मवाद्यांची लगबग ज्याने ऐकली, त्याला ताल काय हे शिकवावं लागत नाही. आयर्लंडच्या लोकांनी भात्याचे पाइप्स सिंफनीत नेले, झाकीरभाईंनी तबला नेला. खालूबाजासाठी ऑर्केस्ट्राची रचना अजून व्हायची आहे. ती लिहिणारी मुलगी किंवा मुलगा कदाचित आत्ता म्हसळ्याच्या नाहीतर बोर्ली पंचतनच्या शाळेत बाकावर ठेका धरून बसला असेल. बाई, गुरुजी, त्याला ओरडू नका!

तोपर्यंत तुम्ही काय करायचं? आज रात्री हेडफोन लावा. आधी ‘पेशकार’, मग ‘द ब्रेंडन व्हॉयेज’. आणि पुढच्या वेळी मुंबईत एनसीपीएच्या जाहिरातीत हयात संगीतकाराचं नाव दिसलं, की बीथोवेनची वाट न बघता ते तिकीट काढा. नवी रचना पहिल्यांदा वाजताना सभागृहात असण्याची संधी फक्त एकदाच येते.